यंत्र आणि खेळ

पालघर जिल्ह्यातील बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने गेले, की तारापूरचे अणुविद्युत केंद्र लागते. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ साली वीज देण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने त्या उभारल्या होत्या, आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियमही अमेरिकेनेच पुरवावे, असा १९६३ चा करार होता. पुढे १९७४ साली भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली आणि अमेरिकेने इंधन देण्यास टाळाटाळ आरंभिली. भट्ट्या सुस्थितीत होत्या, माणसे निष्णात होती. परंतु इंधनच नसेल, तर एवढी यंत्रसामग्री काय कामाची? अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करण्याचे मान्य केले. आपल्या शास्त्रज्ञांनीही युरेनियम व प्लुटोनियम यांचे मिश्र इंधन तारापुरातच घडवून दाखविले.

या अजस्र भट्ट्यांच्या बाबतीत जे खरे, तेच दूरचित्रवाणीला जोडावयाच्या एका छोट्या पेटीच्या बाबतीतही खरे आहे. या पेटीवर व्हिडिओ गेम खेळतात; तिला कन्सोल म्हणतात. खेळ हेच तिचे इंधन होय. आणि गंमत अशी, की यातील बरेचसे खेळ पेटी बनविणारी कंपनी रचीत नाही. ते दुसऱ्याच कंपन्यांतील कुशल मंडळी रचतात.

अमेरिकेतील अटारी कंपनीची पेटी १९७७ साली बाजारात आली. १९८० मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जपानी खेळ तिच्यावर मिळू लागला, तेव्हा त्या एका खेळापायी लोकांनी पेट्या विकत घेतल्या! मग वाटेल त्याने खेळ रचावे आणि विकावे, असे झाले. बाजार सुमार खेळांनी भरून गेला. खुद्द अटारीने एका गाजलेल्या चित्रपटावरचा ‘ई. टी.’ हा खेळ अवघ्या पाच-सहा आठवड्यांत उरकला. गिऱ्हाइके विटली. १९८३ साली न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिको राज्यातील ॲलामोगोर्डो गावी नेऊन तो खड्ड्यात पुरावा लागला. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेव्हा त्या कॅसेटी खरोखरच सापडल्या.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने यावरून धडा घेतला. आपल्या परवान्यावाचून कोणाचाही खेळ यंत्रावर चालू नये, म्हणून तिने अमेरिकेत विकलेल्या पेटीत कुलूपवजा चीप बसविली. एका कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढावेत, असा निर्बंधही घातला. खेळांचा दर्जा सुधारला हे खरे, परंतु खेळ रचणाऱ्यांना हा जाच वाटू लागला, यात नवल ते काय!

डिसेंबर १९९४ मध्ये सोनी कंपनीने प्लेस्टेशन हे यंत्र आणले. त्यात कॅसेटऐवजी सीडी होती. सीडी स्वस्त, आणि तिच्यात कॅसेटीहून कितीतरी अधिक चित्रे व संगीत मावे. निन्टेंडोचे १९९६ चे नवे यंत्र गणनशक्तीत सरस होते, तरी ते कॅसेटीलाच चिकटून राहिले. ‘फायनल फँटसी’ या मालिकेचे पहिले सहा भाग निन्टेंडोच्या यंत्रांसाठी रचणाऱ्या स्क्वेअर कंपनीस ते परवडेना. १९९७ साली तिने सातवा भाग प्लेस्टेशनवर काढला. त्याला तीन सीडी लागल्या. इतर कित्येकांनीही तीच वाट धरली. प्लेस्टेशनचा खप १० कोटींच्या पुढे गेला. निन्टेंडोचे ते बलवान यंत्र ३ कोटी ३० लाखांच्या आसपास थबकले.

सेगा या जपानी कंपनीची स्थिती याहून बिकट झाली. तिच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट यंत्रात इंटरनेटला जोडण्याचीही सोय होती. परंतु क्रीडाविषयक खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने त्यासाठी एकही खेळ दिला नाही. त्यातच सोनीचे दुसरे प्लेस्टेशन आले. मार्च २००१ मध्ये ड्रीमकास्टचे उत्पादन थांबले, आणि सेगाने यंत्रे बनविणे सोडून इतरांच्या यंत्रांसाठी खेळ रचण्याचे ठरविले. तिचा लाडका सॉनिक १९९१ पासून निन्टेंडोच्या मारिओशी स्पर्धा करीत आला होता. २००१ च्या डिसेंबरात तो निन्टेंडोच्याच यंत्रावर धावू लागला.