घरच्या घरी गार्लिक ब्रेड रोल्स: आधी वजनकाटा, मग ओव्हन

व्हिडिओत माझे हात दिसतात, पण ग्रॅम दिसत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण रोल्स करायला शिकणं सोपं आहे. चाळीस रोल्सची ऑर्डर आली की ते सगळे सारखे निघणं, हे खरं काम.

16 रोल्सचं माप घ्या: मैदा 500 ग्रॅम, कोमट दूध 150 मिली, पाणी 160 मिली, इन्स्टंट यीस्ट 6 ग्रॅम, साखर 25, मीठ 9 आणि मऊ बटर 40 ग्रॅम. वाटीचं माप कृपया विसरा. वाटी दाबून भरली की मैदा वाढतो, आणि मग "यीस्ट खराब होतं" म्हणून दुकानदाराशी भांडण!

बटर सोडून सगळं एकत्र करा, पण चार चमचे पाणी मागे ठेवा. प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही, लागलं तरच घाला. गोळा झाला की बटर घालून दहा-बारा मिनिटं मळा. आधी हाताला चिकटेल, घाबरू नका आणि वरून मैदा भुरभुरू नका. छोटा तुकडा ताणला आणि न फाटता पातळ पडद्यासारखा झाला, की मळणं पुरे.

आता झाकून ठेवा. किती वेळ? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर घड्याळात नाही. मे महिन्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होतं, डिसेंबरात दीड तासही लागतो. उन्हाळ्यात कोमटऐवजी थंड दूध-पाणी वापरा, नाहीतर पीठ आंबूस होईल. मग 55 ग्रॅमचे गोळे काट्यावर मोजून करा, ट्रेमध्ये बोटभर अंतर ठेवून मांडा आणि पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकं दाबून बघा. खड्डा पटकन भरला तर अजून थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर तयार, आणि गोळाच बसला तर उशीर झाला. (गोव्याचे पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवायचे. त्यांच्याकडे कुठला टायमर होता?)

लसूण पिठात घालू नका. कच्चा लसूण यीस्टचं काम मंदावतो. 100 ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवून त्यात 25 ग्रॅम ठेचलेला लसूण दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. गार झालं की कोथिंबीर घाला. खारट बटर असेल तर वेगळं मीठ नको. फुगलेल्या गोळ्यांवर कात्रीने चीर देऊन अर्धं बटर त्यात सोडा, अर्धं भाजून झाल्यावर लावा. सगळं आधीच वर लावलंत तर लसूण करपून कडू होतो. ओटीजी आधी तापवून 180 अंशांवर मधल्या जाळीवर 18 ते 22 मिनिटं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. लसणाचं बटर किंवा तेल डबाभर करून ओट्यावर ठेवू नका. त्यात विषारी जंतू वाढू शकतात, आणि वासावरून कळत नाही. लागेल तेवढंच करा, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. गिऱ्हाईक तुमच्या भरवशावर आपल्या मुलांना खायला घालतं.

माझी पहिली ऑर्डर कशी फसली माहितीये? गरम रोल्स डब्यात भरले. वाफ धरली, खालून लगदा झाला. पैसे परत केले. तेव्हापासून जाळीवर पूर्ण गार होईपर्यंत, निदान पाऊण तास, डब्याला हात लावत नाही.

आता हिशोब. आकडे तुमच्या गावच्या भावाने बदला. मैदा 25 रुपये, एकूण 140 ग्रॅम बटर 80, दूध-यीस्ट-साखर 15, लसूण-कोथिंबीर 15. झाले 135. चार रोल्सचा एक, असे चार डबे केले तर साहित्य डब्याला साधारण 34 रुपये. ताई लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, "60 ला विकते, 26 सुटतात." अहो, रिकामे डबे 40, वीज 12, आणि तुमच्या हातांचा एक तास? तो 150 धरला तर एकूण 337, म्हणजे डब्याला 84! साठला विकून तुम्ही प्रत्येक डब्यामागे 24 रुपये पदरचे घालताय. मी 120 सांगेन. "महाग आहे" म्हणणारे भेटतील. त्यांना दोन रोल्सचा छोटा डबा द्या, भाव उतरवू नका.

विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. डब्यावर बनवल्याची तारीख लिहा, आणि एक ओळ: तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं गरम करा.