ऑनलाइन दुकानातील प्रतिरूपक व्यवहार

धान्याच्या धंद्यात मार्क्याची किंमत प्रत्येक सभासदास ठाऊक आहे. पोते उघडण्यापूर्वी गिऱ्हाईक बारदानावरील शिक्का पाहते, आणि पुष्कळदा त्या शिक्क्यावरच भाव ठरतो. दुसऱ्याच्या शिक्क्याच्या बारदानात हलकी तूर भरून विकणारा इसम बाजारात आजवर अनेकदा निपजला आहे. परंतु तो फार दिवस टिकत नाही, कारण माल तोलला जातो व मूठभर हातात घेऊन पारखला जातो. आता मात्र आपल्या समाजातील सुना-लेकी व तरुण मुले जो माल विकू लागली आहेत त्यास वजन नाही, बारदान नाही आणि वखारही लागत नाही. नक्षीचे नमुने, पाककृतींच्या पुस्तिका, हिशेबाचे तयार तक्ते अशा वस्तू ऑनलाइन दुकानाच्या पानावर मांडल्या जातात. गिऱ्हाईक पैसे भरते व फाइल उतरवून घेते. असा माल चोरीस गेला तरी मूळ धन्याकडे तो जसाच्या तसा शिल्लक राहतो. त्यामुळे चोरी झाली हेच पुष्कळदा उशिरा उमगते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील स्नुषेने बिदरी भांड्यांवरील वेलबुट्टी पाहून स्वतःच्या हाताने रेखाटने केली आणि त्यांचे संच विक्रीस ठेवले. काही महिन्यांनी दुसऱ्या एका पानावर तेच वर्णन, तीच चित्रे आणि तेच संच अर्ध्या किमतीस दिसू लागले. घरात तीन मते पडली. कोणी म्हणाले, पोलिसांत जावे. कोणी म्हणाले, फोनवरील सर्व समूहांत त्याची नाचक्की करावी. वडीलधाऱ्यांनी सांगितले, सोडून द्यावे, नशिबाचे कोणी नेत नाही. हे तिन्ही सल्ले आम्हांस अपुरे वाटतात. त्या संचांच्या विक्रीवर त्या मुलीने शाळेची फी भरली होती. तो काही हौसेचा उद्योग नव्हता.

आपल्या शास्त्रकारांनी या विषयाचा विचार केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या जोडीने 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे अस्सलाच्या रूपाचा नकली माल विकणे हा एक आहे. चोराने आणलेला माल घेणे, म्हणजे 'तदाहृतादान', हा दुसरा. या दुसऱ्या अतिचाराचे एक उदाहरण आपल्या सीमाभागास जवळचे आहे. मूडबिद्रीच्या भांडारातील धवला-जयधवला ग्रंथांच्या ताडपत्रांची नक्कल करून घेण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने सुरू झाले. ते करणाऱ्या एका शास्त्र्याने पत्नीच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक कानडी प्रत उतरवली आणि ती सोलापुरास शेठजींपुढे आणली. ज्या ग्रंथासाठी शेठजींनी वर्षानुवर्षे झीज सोसली, तोच ग्रंथ दारी आला होता; तरीही गुप्तपणे केलेली प्रत त्यांनी घेतली नाही. पुढे ती सहारनपुरास गेली, तेथून तिच्या आणखी प्रती पसरल्या, आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड छापून प्रसिद्ध झाला. ग्रंथ जगापुढे आला हे समाजाचे भाग्यच. शास्त्रदानास मालकीची कुंपणे घालावीत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पण शेठजींचा नकार हा सचोटीच्या व्यापाऱ्याचा नकार होता, आणि अर्ध्या किमतीचा संच पाहून मोहात पडणाऱ्या गिऱ्हाइकाने तो ध्यानात घ्यावा.

आता कायद्याकडे वळू. पहिला प्रश्न असा की, आपले म्हणावे असे त्या पानावर काय आहे? बिदरीची परंपरागत बुट्टी कोणा एकाची नव्हे. तिच्यावरून कोणीही नवे चित्र काढावे. परंतु आपल्या हाताने उतरलेले चित्र आपले. १९२३ साली मुंबईच्या मॅकमिलन विरुद्ध कूपर या दाव्यात प्रीव्ही कौन्सिलने हाच भेद केला : जुन्या ग्रंथातून निवडलेले उतारे संरक्षणास पात्र ठरले नाहीत, मात्र त्यांवर लिहिलेल्या टिपा ठरल्या. २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे तर संगणकाच्या तबकड्यांचाच प्रश्न होता. न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर सर्वांचा, परंतु संपादकाने कौशल्याने लिहिलेले सारांश व पाडलेले परिच्छेद त्याचे, असे ठरले. तेव्हा कोणी आपल्यासारखाच धंदा काढला, आपल्याइतकीच किंमत ठेवली, एवढ्यावरून तक्रार करता येत नाही. शब्द, चित्रे व फाइल उचलली असेल तरच करता येते. दुकानाचे नाव उचलले असेल तर तो निराळा अपराध; कर्नाटकातच सुरू झालेल्या सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली इंटरनेटवरील पत्त्याच्या नावासही व्यापारी नावासारखेच संरक्षण दिले आहे.

पुरावा आधी, पत्र नंतर, हा क्रम सोडू नये. नकली पानाची चित्रे पत्ता व तारीख दिसेल अशी टिपून ठेवावीत. एक संच रीतसर विकत घेऊन पावती जपावी. आपल्या मूळ फाइली, कच्ची रेखाटने व त्यांच्या तारखा एकत्र कराव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. हे वकिलास प्रथमच विचारून घ्यावे, म्हणजे पुढे धावाधाव होत नाही.

मग समोरच्यास सौम्य भाषेत पत्र लिहावे. कित्येकदा पान बनवून देणाऱ्या मुलानेच दुसरीकडून उचललेले असते आणि धन्यास पत्ताही नसतो. उत्तर न आल्यास ते पान साठवून ठेवणाऱ्या कंपनीस लेखी कळवावे. कॉपीराइट नियम, २०१३ मधील ७५ व्या नियमानुसार योग्य तक्रार पोहोचल्यावर कंपनीने ३६ तासांत ते पान बंद करावयाचे असते. येथेच अनेकजण निर्धास्त होतात. २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम नेऊन दिला नाही तर कंपनी ते पान पुन्हा उघडू शकते. अमेरिकेतील कंपन्या आपल्या १९९८ च्या कायद्याने चालतात. तेथे समोरच्याने उलट नोटीस दिली व आपण दावा लावला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत पान परत येते. म्हणून तक्रार पाठवितानाच पुढची पायरी चढावयाची की नाही हे घरात ठरवून घ्यावे. दाव्यासाठी दूर जावे लागेल ही भीती मात्र बाळगू नये : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६२ मुळे वादी जेथे राहतो वा धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे बीदर-कलबुर्गीच्या माणसास आपल्याच जिल्ह्यात, दावा लावता येतो. पोलिसांचा मार्गही आहे. हा दखलपात्र गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तथापि निराधार धमकी देणाऱ्यावर कलम ६० खाली उलट दावा होऊ शकतो, हे समूहांत नाचक्की करू पाहणाऱ्यांनी विसरू नये.

सर्वांत नाजूक बाब आम्ही शेवटी ठेवली आहे. आपल्या पानाचे आपण खरोखर मालक आहोत काय? पगारी नोकराने कामाच्या ओघात केलेले काम, निराळा करार नसल्यास, मालकाचे असते. मोबदला देऊन काढविलेले छायाचित्रही काढविणाऱ्याचे. पण बाहेरच्या लेखकाकडून पैसे देऊन लिहून घेतलेले वर्णन हे लेखी हस्तांतरण नसेल तर लेखकाचेच राहते. आपण रोजमेळात रक्कम लिहितो, पावती घेतो आणि माल आपला झाला असे समजतो; येथे तो हिशेब लागू नाही. हस्तांतरणाचा लेख असूनही त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. पुणे-मुंबईपासून अमेरिकेतील मराठी घरांपर्यंत फाइली विकणाऱ्यास एवढ्याने भागत नाही.

वर सांगितलेल्या मुलीची चित्रे तिची स्वतःची होती, परंतु वर्णने एका परिचित बाईंनी लिहून दिली होती. प्रथम त्या बाईंकडून, मुदत व सर्व जगाचा प्रदेश नमूद करून, सहीनिशी लेख घेण्यात आला. त्यानंतरच कंपनीस तक्रार गेली. नकली पान बंद झाले. चित्रांच्या नोंदणीचा अर्ज नवी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात प्रत्येकी ५०० रुपये शुल्क भरून केला आहे. नोंदणीवाचूनही हक्क असतो, पण पुढच्या वेळी कागद दाखविणे सोपे जाईल. ज्या सभासदांच्या घरी अशी दुकाने चालतात त्यांनी लेखक, चित्रकार व पान बनविणारा या तिघांचे कागद या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एकदा काढून पाहावेत.