हरवलेले दोन व्होल्ट

ओहमचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. परीक्षेत दोन गुणांसाठी लिहावयाचा हा नियम एखादे महागडे इंजिन वाचवू शकतो, असे सांगितले तर? कसे ते आज पाहू या.

अमेरिका, इंग्लंड अशा देशांत पुष्कळांना एक छंद असतो. जुनी मोटार विकत घ्यायची, सवडीने ती घरीच खोलायची, रंगवायची आणि पुन्हा जोडायची. काही जण तिला टर्बोचार्जरही बसवितात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि शक्ती वाढते. आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली मिळविले.

अशी गाडी तयार होते, एक-दोन दिवस छान चालते आणि मग बॅटरी उतरते. मालक नवी बॅटरी आणतो. तीही उतरते. मग तो नवा आल्टरनेटर आणतो. तरी रड तीच! दोष मग आहे तरी कोठे?

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊ. मोटारीच्या बॅटरीत शिशाचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे सहांचे मिळून १२.६ व्होल्ट. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसेच येथेही आहे. बॅटरीत प्रवाह शिरावयाचा तर बाहेरचे विभवांतर तिच्याहून जास्त हवे. म्हणून इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर सुमारे १४.२ व्होल्ट देतो. त्याच्या आत विद्युतचुंबक फिरतो आणि भोवतीच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. डायोड त्याला एकाच दिशेने वाहावयास लावतात. रेग्युलेटर विद्युतचुंबकाचा प्रवाह कमीअधिक करून व्होल्टेज मर्यादेत ठेवतो.

आता प्रवाहाचा मार्ग पाहा. आल्टरनेटरमधून निघालेला प्रवाह तारेने दिवे, पंखा, इंधनाचा पंप यांच्याकडे जातो. परत येताना मात्र त्याला वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच त्याची परतीची वाट. सांगाडा आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात आणि रबर तर विद्युतरोधक. म्हणून दोघांना जोडणारी एक जाड पट्टी लागते. तिला अर्थची पट्टी म्हणतात.

आपल्या छंदिष्ट मित्राने सांगाडा सुंदर रंगविला आणि ही पट्टी त्या रंगावरच आवळली! पट्टी दिसते छान, पण धातूला धातू नीट भिडलेला नाही. समजा, त्या सांध्याचा रोध ०.०५ ओहम झाला. आकडा किती क्षुल्लक! पण रात्री दिवे, पंखा आणि पंप मिळून आल्टरनेटरमधून ४० अँपिअर प्रवाह वाहू लागला की गुणाकार करा: ४० × ०.०५ = २ व्होल्ट. आल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतो आहे, पण बॅटरीपाशी उरतात १२.२ व्होल्ट. बॅटरी भरणे दूरच, उलट तीच उतरू लागते. शिवाय त्या सांध्यात ४० × २ = ८० वॅट शक्तीची उष्णता होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे लक्षात घ्या. अशा सांध्याजवळ पेट्रोलची नळी असेल तर काय होईल, ते वेगळे सांगावयास नको.

टर्बो गाडीत आणखी एक धोका आहे. व्होल्टेज घटले की इंधनाचा पंप मंदावतो. टर्बो मात्र हवा कोंबतच राहतो. हवा जास्त आणि इंधन कमी, असे मिश्रण भलत्या वेळी स्फोटासारखे जळते आणि पिस्टनला भोकसुद्धा पडू शकते. हरवलेले दोन व्होल्ट असे महागात पडतात!

मग दोष शोधावा कसा? रोधमापक लावून पाहिला तर तो फसवितो. त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच ०.०५ ओहमहून अधिक असतो. योग्य रीत अशी: इंजिन चालू ठेवावे, दिवे व पंखा लावावेत आणि व्होल्टमापकाचे एक टोक आल्टरनेटरच्या अंगाला व दुसरे बॅटरीच्या ऋण अग्राला लावावे. तेथे ०.२ व्होल्टहून फार अधिक आकडा दिसला तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. मग एकेका सांध्यावर मापक लावीत गेले की चोर सापडतो. रंग खरवडून पट्टी पुन्हा आवळली की काम झाले. आल्टरनेटरचे धन अग्र आणि बॅटरीचे धन अग्र यांच्यामध्येही असेच मोजावे. टर्बोजवळून गेलेल्या तारा विशेष पाहाव्यात, कारण त्या उष्णतेने तारेवरचे आवरण करपते. तांब्याचा रोधही दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो.

एक सूचना: इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. व्होल्टेज एकदम उसळून डायोड जळतात. बॅटरीजवळ ठिणगीही पडू देऊ नये, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. मोटारीवरचे हे काम जाणत्या मिस्त्रीसोबतच करावे.

तुम्ही मात्र घरी एक बिनधोक प्रयोग करा. टॉर्चचे दोन घट आणि एक बल्ब तारांनी जोडा. मध्ये एका ठिकाणी गंजलेला खिळा घाला. बल्ब मंद लागला की शाळेतील व्होल्टमापक खिळ्याच्या दोन बाजूंस लावा. आकडा दिसेल. आता बल्ब सैल करून विझवा. आकडा शून्य! प्रवाह नाही, तर व्होल्टेजची घटही नाही. म्हणूनच बंद गाडीत हा दोष दिसत नाही. तो कामाला जुंपलेल्या गाडीतच शोधावा लागतो.

जाता जाता दोन प्रश्न:

१. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर किती प्रवाह घेतील?

२. वरील गाडीत दिवसा फक्त १० अँपिअर प्रवाह लागतो. तेव्हा त्या सांध्यात किती व्होल्ट हरवतील आणि किती वॅट उष्णता होईल? प्रवाह चौपट झाला की उष्णता कितीपट होते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढलेत की दिवसा निमूट चालणारी गाडी रात्रीच का रुसते, हे तुमचे तुम्हालाच कळेल.