वाद्यवृंद कसा ऐकावा?

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संगीत हे श्रीमंतांचे आणि इंग्रजी बोलणाऱ्यांचे, असा समज आपल्या किनारपट्टीवर दृढ आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ही गावे मुंबईपासून फार दूर नाहीत. पण रात्री संपणारी तिथली मैफल, तिचे तिकीट आणि परतीचा प्रवास हे सामान्य विद्यार्थ्याला झेपणारे नाही. शिवाय कोणी फुकट तिकीट दिले, तरी नेमके काय ऐकायचे हा प्रश्न उरतोच. माझ्या मते या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात, मराठीतून, ध्वनिमुद्रणे ऐकवीत दिलेली विनामूल्य व्याख्याने! न्या. रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झालेल्या व्याख्यानांच्या परंपरेत आपण वाढलो आहोत. तीत या विषयाला जागा का नसावी?

हे संगीत आपल्याला वाटते तितके परकेही नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. जगद्विख्यात वाद्यवृंदसंचालक झुबीन मेहता हे त्यांचे पुत्र. त्यांचा जन्म १९३६ साली मुंबईतच झाला. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी तोलून धरले. त्यांपैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ साली भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून गुरूचे नाव घरोघर पोहोचवले. गाणे सर्वांना पाठ आहे. त्या नावाचा माणूस कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? २००६ पासून मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंदही आहे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. पहिल्या व्याख्यानासाठी मी मोझार्टची चाळिसावी सिंफनी निवडीन. ती १७८८ सालची. तिचा पहिला भाग साधारण सात-आठ मिनिटांचा आहे. त्याची सुरुवातीची धून सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातील ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ या गाण्यात वापरली. आधी गाणे ऐकवावे आणि मग मूळ रचना. श्रोत्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली की निम्मे काम झाले.

त्यानंतर तोच आरंभ तीनदा ऐकवावा. पहिल्यांदा फक्त व्हायोलिनची धून ऐकायची. दुसऱ्यांदा तिच्याखाली चाललेली व्हायोलांची अस्वस्थ कुजबुज. तिसऱ्यांदा चेलो आणि डबल बास यांचे खालचे स्वर. आपला कान एका सुरावटीच्या मागे जाण्यात तरबेज आहे. गायकाबरोबर तो रागाच्या पायऱ्या चढतो. वाद्यवृंदात मात्र अनेक ओळी एकाच वेळी चालतात आणि त्यांच्या एकत्र येण्यातून अर्थ निघतो. हीच हार्मनी, म्हणजे स्वरसंहती. ती व्याख्येने कळत नाही, कुठे कान द्यायचा ते दाखवले की कळते. म्हणूनच इथे पुस्तकाइतकीच बोलक्या माणसाची गरज आहे.

पुढची पायरी रचनेची. या भागात दोन विषय आहेत. पहिला उदास, आपल्या आसावरी थाटाच्या जवळचा. दुसरा उजळ, बिलावलाच्या स्वरांतला. मध्यंतरी पहिला विषय निरनिराळ्या सुरांवर भटकतो आणि शेवटी दोन्ही परततात. परंतु परतताना तो उजळ विषयही उदास स्वरांतच येतो. आनंदाची ओळ तीच, पण तिच्यावर सावली पडलेली. एकही शब्द न उच्चारता एवढे सांगता येते, हे ज्याला एकदा ऐकू आले, त्याला सिंफनी कधी कंटाळवाणी वाटणार नाही.

दुसरे व्याख्यान मुलांसाठी ठेवावे. प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर आणि लांडगा’ (१९३६) या रचनेत पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजरीला क्लॅरिनेट, आजोबांना बसून आणि लांडग्याला तीन हॉर्न दिले आहेत. गोष्ट मराठीत सांगावी. वाद्ये आपोआप ओळखीची होतात. लग्नाच्या वरातीतला बँड ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना क्लॅरिनेट नवे नाहीच.

याला खर्च किती? एक खोली, बऱ्यापैकी ध्वनिवर्धक आणि तयारी करून येणारा वक्ता. वाचनालयात ज्ञानेश्वरी वाचायला कोणी आपली ऐपत विचारत नाही. मोझार्ट ऐकायलाही विचारू नये. आपल्या महाविद्यालयातील संगीतप्रेमी प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी मनावर घेतले, तर येत्या हिवाळ्यात पहिले व्याख्यान होऊ शकेल. दहा श्रोते आले तरी सुरुवात करावी.