टेम्पोत माल किती भरावा?

आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांनी पै-पै साठवून किंवा उसनवार करून छोटा टेम्पो घेतलेला असतो. घरची चूल त्याच्यावर चालते. म्हणूनच एका सवयीविषयी आम्ही आज लिहीत आहोत. ती सवय म्हणजे हौदा भरेपर्यंत माल भरणे.

हौद्यावरून जागा कळते, वजन कळत नाही. गाद्यांनी हौदा काठोकाठ भरला तरी गाडीवर फारसा भार पडत नाही. उलट २० मिलिमीटर जाडीचा संगमरवर दर चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो. शंभर चौरस फूट फरशी हौद्याच्या कोपऱ्यात मावते, पण तिचे वजन ५०० किलो होते.

हिशेब सोपा आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन, असे दोन आकडे असतात. समजा, ते ८५० आणि १,६०० किलो आहेत. फरक ७५० किलो. हा सगळा फरक मालासाठीच आहे, असे समजून आपण फसतो. कायद्याने रिकाम्या वजनात चालक व मदतनीस धरलेले नसतात. दोघांचे १४० किलो वजा करा. मागाहून बसवलेला लोखंडी सांगाडा, ताडपत्री व अवजारे यांचे ६० किलो वजा करा. उरले ५५० किलो. म्हणजे ५० किलोची सिमेंटची पोती ११ बसतील, १५ नव्हे.

काही जण मागचे पाटे वाढवून घेतात. त्याने गाडी खाली बसत नाही एवढेच. ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सल मात्र पूर्वीचेच राहतात. वजन वाढले की गाडी थांबायला अंतर जास्त लागते आणि टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो. घाटाच्या उतारावर याची किंमत जिवाने मोजावी लागते. गाडीमागे ट्रॉली जोडणाऱ्यांनी ट्रॉलीचे स्वतःचे वजनही हिशेबात धरावे. गाडी किती ओढू शकते हे कंपनीने सांगितलेले नसेल, तर ट्रॉली जोडूच नये.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून जादा भाराला २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये, अशी तरतूद आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ दिली जात नाही आणि उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी बसतो.

तेव्हा एकदा चालक व सर्व सामानासह गाडी वजनकाट्यावर न्यावी. मालासाठी किती किलो उरतात, तो आकडा हौद्याच्या फळीवर रंगवून ठेवावा. जड माल तळाशी, मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे ठेवून घट्ट बांधावा. सगळे वजन मागे गेले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही.

दिव्य कुरआनात मापतोल चोख ठेवण्याची ताकीद आहे. ती दुकानातल्या तराजूपुरती आहे, असे आम्ही मानत नाही. गिऱ्हाईकाचा माल आपल्याकडे अमानत असतो, चालकाचा जीव त्याहून मोठी अमानत आहे. दुसऱ्या फेरीचे डिझेल या दोन्हींपेक्षा स्वस्तच पडते.