आधी पाहणी, मग निर्णय : वस्ती-सुधारणेचा इंदूरचा धडा

शहराची सुधारणा म्हटली की रुंद रस्ते, भव्य इमारती आणि नव्या वसाहती यांचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. तथापि सामान्य नागरिकाचे आयुष्य ज्या गल्लीत जाते तेथील नळ, गटार, दिवा व शौचकूप यांवरच त्याच्या कुटुंबाचे आरोग्य अवलंबून असते. अशा गल्लीचा प्रश्न नगरसभेपुढे आल्यास प्रथम काय करावे, याचा उद्बोधक धडा शंभर वर्षांपूर्वी इंदूर शहरात घालून दिला गेला. आजही तो अभ्यासनीय आहे.

गेडिस यांची पाहणी

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूर शहर प्लेग व हिवताप यांनी गांजलेले होते. कापडगिरण्यांमुळे लोकवस्ती वाढत होती आणि जुने मोहल्ले अधिकाधिक दाट होत होते. अशा वेळी तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या संस्थानाने स्कॉटलंडचे नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेतला. गेडिस हे मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

दाट वस्तीतून नकाशावर सरळ रेघ मारावी आणि त्या रेघेत येणारी घरे पाडून रस्ता काढावा, अशी त्या काळी रूढ पद्धत होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. घर गेलेले कुटुंब नाहीसे होत नाही. ते शेजारच्या मोहल्ल्यात आसरा घेते. त्यामुळे तेथील दाटी वाढते आणि रोगालाही नवे ठिकाण मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. नाडी पाहिल्यावाचून वैद्याने औषध देऊ नये, त्याचप्रमाणे पाहणी केल्यावाचून नगररचनाकाराने घराला हात लावू नये, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः गल्लोगल्ली पायी हिंडून ते उपाय सुचवीत. अगदी मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढावीत, मिळालेल्या जागेत छोटा चौक करावा व झाड लावावे, बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारावी, असे त्या उपायांचे स्वरूप होते. त्यामुळे खर्च कमी येई आणि फारच थोड्यांना घर सोडावे लागे.

दिवाळीची मिरवणूक

केवळ अधिकाऱ्यांच्या हुकमाने गल्ली स्वच्छ राहत नाही, हेही गेडिस जाणून होते. त्यांच्या चरित्रांतून इंदूरच्या एका दिवाळीचे वर्णन आढळते. जे मोहल्ले घरे झाडूनपुसून दुरुस्त करतील त्यांच्याच रस्त्याने दिवाळीची मिरवणूक जाईल, असे जाहीर करण्यात आले. मिरवणुकीचा मान आपल्या दारी यावा म्हणून लोक कामाला लागले. साचलेला कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगरूपी राक्षसाची प्रतिमा होती. शुभ्र वस्त्रे ल्यालेले आणि फुलांनी सजलेले सफाई कामगारही मानाने चालत होते. ज्यांच्या श्रमावर शहराचे आरोग्य उभे आहे, त्यांचा हा जाहीर सन्मान होता.

बांधकामानंतरची जबाबदारी

याच इंदुरात १९८९ च्या सुमारास गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेची मोठी योजना हाती घेण्यात आली. अभियंता हिमांशू पारीख यांच्या कल्पनेनुसार या वस्त्या शहरापासून वेगळ्या न मानता त्यांची भुयारी गटारे, रस्ते व पाणी यांची व्यवस्था संपूर्ण शहराच्या व्यवस्थेशी जोडावयाची होती. नैसर्गिक नाल्यांच्या उताराचा त्यात कौशल्याने उपयोग केलेला होता. १९९८ मध्ये या कार्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला. तथापि पुढील पाहणीत अनेक घरांनी गटाराची जोडणीच घेतली नसल्याचे आणि देखभाल अपुरी पडल्याचे आढळले. ज्या घरांची जोडणी झाली नाही त्यांचे सांडपाणी पूर्ववत नाल्यातच जात राहिले. सुविधा बांधणे हे काम अर्धे होय; ती कोणी सांभाळावयाची, हेही आरंभीच ठरले पाहिजे.

कायद्याने दिलेले स्थान

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन, गलिच्छ वस्ती सुधारणा, रस्त्यावरील दिवाबत्ती इत्यादी १८ विषय समाविष्ट आहेत. किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या स्थापण्याची तरतूदही आहे. गल्लीतील अडचण सभागृहापर्यंत पोहोचविण्याचा हा जवळचा मार्ग आहे.

मोहल्ल्याने काय करावे?

रहिवाशांनी प्रथम आपल्या गल्लीची पाहणी करावी. नळाला पाणी किती वेळ येते, गटार कोठे तुंबते, कोणता दिवा बंद आहे, किती घरांना शौचकूप नाही, हे घरोघर जाऊन लिहून काढावे. शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली असा नकाशा सहज तयार करू शकतील. नागरिकशास्त्राचा त्याहून चांगला पाठ दुसरा नाही. ही नोंद सभासदाकडे व प्रभाग समितीकडे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी द्यावी. तरतूद ठरून गेल्यावर केलेली मागणी बहुधा पुढील वर्षावर जाते. पाणी भरण्याचा व सांडपाण्याचा भार बहुतेक घरांत स्त्रियांवर पडतो, म्हणून पाहणीत त्यांचे म्हणणे आधी घ्यावे. अधिकाऱ्यांनीही मंजुरीपूर्वी जागेवर जावे आणि काम पूर्ण होताच देखभालीची जबाबदारी लेखी ठरवून द्यावी.

मोठ्या गावाचे नगरात रूपांतर होत असताना हीच पद्धत तेथेही उपयोगी पडेल. ज्या सभागृहापुढे गल्लीची खरी माहिती असते, त्याचा निर्णय सहसा चुकत नाही. ती माहिती पुरविणे हे नागरिकांचे कर्तव्य आहे आणि ती मागणे हे नगरसभेचे.