वीस हजारांत जेवणाची जागा

फर्निचर बघायला जाण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरा. चार माणसांचं टेबल साधारण 4 फूट बाय अडीच फूट. तेवढी पत्रं पसरा आणि खुर्ची मागे सरकवून उठायला आणखी 3 फूट सोडा. फ्रिजचं दार उघडतं का, स्वयंपाकघरातून गरम पातेलं घेऊन येणाऱ्याला वाट उरते का, ते चालून बघा. आम्ही हे केलं नाही आणि सहाजणांचं टेबल घेतलं. वर्षभर फ्रिज अर्धाच उघडत होता. शेवटी ते निम्म्या किमतीत विकलं.

दुसऱ्यांदा जुन्या फर्निचरच्या बाजारात गेलो. मुंबईकरांना जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा बाजार ठाऊक आहेच. जुनं सागवानी टेबल 6,000 ला मिळालं. टेम्पो आणि हमाली 1,500, दुरुस्ती आणि पॉलिश 3,000. एवढ्या पैशांत नवीन घ्यायचं तर बहुतेक पार्टिकल बोर्ड मिळतं. त्यात पाणी मुरलं की कडा फुगतात, आणि एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. जुनं लाकूड घेताना टेबल उलटं करायला सांगा. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. पाय धरून हलवा. सांधा ढिला असेल तर सुतार तो बसवून देतो, पण तडकलेला पाय नको. पॉलिश मेलामाइनचं करून घ्या. लाखेच्या पॉलिशवर गरम भांड्याचे पांढरे डाग उठतात. संगमरवरी माथा टाळाच, लिंबू-कोकम सांडलं की त्याची चकाकी जाते.

काटकसर खुर्च्यांत मात्र करू नका. टेबल 30 इंच उंच असेल तर बैठक 18 इंचांवर हवी. दुकानात दहा मिनिटं बसून बघा. गुडघे दुखणाऱ्या आईला पाटावर बसवत नाही म्हणून तर आपण टेबल घेतो. तिच्या पाठीला आधार हवा आणि उठताना हाताला पकड हवी. आम्ही 2,500 च्या दोनच खुर्च्या घेतल्या, आणि भिंतीकडच्या बाजूला सुताराकडून 3,500 मध्ये बाक करून घेतला. बाक टेबलाखाली सरकतो, त्यामुळे सगळं पावणेसात फुटांत मावलं. मुलं बाकावर आणि मोठी माणसं खुर्च्यांवर बसतात.

दिव्याला वायरिंगसकट 1,500 लागले. टेबलापासून अडीच फुटांवर टांगा आणि बल्ब पिवळसर उजेडाचा, 2700 ते 3000 केल्विनचा घ्या. पांढऱ्याफटक उजेडात वरण-भातही फिका दिसतो.

एकूण 20,500. भाव गावागणिक बदलतील, पण टेम्पोचं भाडं आणि जिन्यावरून चढवण्याची मजुरी टेबलाची किंमत ठरवतानाच विचारून घ्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि सगळ्यात जास्त घासाघीस तिथेच झाली.